जागलीचा नवा डोळा

दसरा ओलांडला की बुलढाणा जिल्ह्यात वावरावावरांतून सोयाबीनच्या सुड्या दिसू लागतात. सोंगणी उरकलेली असते, मळणीयंत्राची पाळी यायची असते आणि तोवर सगळा हंगाम एका ताडपत्रीखाली पडून असतो. याच दिवसांत स्थानिक वृत्तपत्रांत एक बातमी हमखास येते, अज्ञात इसमाने सुडी पेटवल्याची. कधी भाऊबंदकी, कधी धुऱ्याचा वाद, कधी कारण कळतच नाही. तलाठी पंचनामा करतो आणि राखेवरून क्विंटलचा अंदाज बांधला जातो. सुडीला काडी लावणारा माणूस असो, तुरीत शिरणारा रोही असो की मका आडवा करणारी रानडुकरं, वऱ्हाडात या सगळ्यांवर एकच जुना इलाज आहे, तो म्हणजे जागली. वावरात खाट टाकायची, बॅटरी उशाशी ठेवायची आणि रात्र काढायची. दिवसभर सोंगणी केलेल्या माणसाने ती जागून काढायची, ही यातली खरी अडचण.

गेल्या काही वर्षांत ही जागली यंत्राच्या गळ्यात घालण्याचे उद्योग सुरू आहेत. कृषी प्रदर्शनांत भोंगे दिसतात, झगमगते दिवे दिसतात, मोबाइलवर फोन लावणारी डबडी दिसतात. त्यातल्या बहुतेकांचा जीव एकाच गोष्टीत असतो, अवरक्त किरणांत. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे, तापमापक ठेवला आणि पारा चढला. हाच तो न दिसणारा उजेड. माणूस, म्हैस, अस्वल, पेटती सुडी, सगळेच तो रात्रंदिवस बाहेर टाकत असतात. अंगाच्या उष्णतेचा उजेड साधारण साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तेज असतो आणि हवा तो फारसा अडवत नाही. अडवते ती काच. खिडकीच्या काचेआडून शरीराची ऊब ओळखता येत नाही, आणि स्वस्त-महागाचा निम्मा झगडा या काचेपाशीच सुरू होतो.

शंभर रुपयांच्या आसपास मिळणारा पीआयआर सेन्सर हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. वर दुधी रंगाचा घुमट असतो. तो काचेचा नसतो, पॉलिथिलीनचा असतो, कारण हे प्लॅस्टिक उष्णतेचे किरण जाऊ देतं. घुमटावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जे चौकोन-षटकोन दिसतात त्यांतला प्रत्येक म्हणजे एक छोटं भिंग असतं. घुमट उपटला की खाली एक धातूची टोपी, तिला काळसर खिडकी आणि आत शेजारी शेजारी बसवलेले स्फटिकाचे दोन तुकडे. हा स्फटिक तापला वा निवला की त्यावर किंचित विद्युतभार येतो. दोन्ही तुकडे एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. ऊन वाढलं तर दोघांवर सारखाच परिणाम होऊन बेरीज शून्य होते. पण कुणी चालत गेलं की त्याची ऊब आधी एका तुकड्यावर पडते, मग दुसऱ्यावर, आणि सर्किट जागं होतं. पाटीच्या कडेला दोन छोटे स्क्रू असतात. एकाने पल्ला ठरतो, दुसऱ्याने भोंगा किती वेळ वाजायचा ते.

पल्ला सात मीटरपर्यंत, असं विक्रेते सांगतात. दोन एकरांचा धुरा राखायला तो पुरत नाही हे उघड आहे. खरी गोम मात्र वेगळी आहे. हा सेन्सर ऊब मोजत नाही, उबेतला फरक मोजतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गार रात्री रानडुक्कर त्याला लख्ख दिसतं. मे महिन्यात खामगाव, नांदुरा, मलकापूर या पूर्णेच्या खोऱ्यातल्या पट्ट्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडून पुढे गेला की माणसाचं अंग आणि मागचा बांध यांत फरकच उरत नाही, आणि सेन्सर आंधळा होतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं बुलढाणा शहर त्या मानाने थंड, तिथे तोच सेन्सर बरा चालतो. थंड देशात बनलेल्या माहितीपत्रकात या गोष्टीला एखादी ओळ मिळते. आपल्याकडे ती पहिल्या पानावर हवी.

दुसरी गोम अशी की त्याला ओळख नाही. कुत्रं, बैल, शेजारी, तापलेलं पान वाऱ्याने हललं तरी भोंगा. तीन रात्री उगाच कोकलणारं यंत्र चौथ्या रात्री शेतकरी स्वतःच बंद करतो. यावर महागडा उपाय म्हणजे चित्र ओळखणारी एआय प्रणाली. स्वस्त उपाय जास्त मजेशीर आहे. दोन सेन्सर दोन उंचींवर लावायचे आणि दोघांचा होकार एकदम आला तरच भोंगा वाजवायचा. कुत्रं खालच्याच पट्ट्यातून जातं, माणूस आणि रोही दोन्हींतून. डुकरासाठी हिशेब उलटा करावा लागतो. किंवा मग धुऱ्याच्या एका टोकाला अवरक्त एलईडी आणि दुसऱ्या टोकाला ग्राहक लावून किरणांची अदृश्य दोरी बांधायची. टीव्हीच्या रिमोटचं तंत्र तेच आहे. रिमोटचा किरण सेकंदाला सुमारे अडतीस हजार वेळा लुकलुकतो, म्हणून ग्राहकाला तो उन्हातून वेगळा काढता येतो. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर रिमोटचं बटण दाबून पाहा, बहुतेक फोनांवर जांभळट ठिपका चमकताना दिसेल. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातल्या कुठल्याही मुलाला हे जमतं. पावसाळ्यात भिंगावर चिखल उडाल्यावर, कोळ्याने जाळं विणल्यावर आणि बॅटरी उतरल्यावरही ते चालू ठेवणं मात्र प्रकल्पाच्या गुणांत धरलेलं नसतं.

आणि हे सगळं कशाच्या जागी येऊ पाहतंय, तेही बघायला हवं. राखण परवडत नाही म्हणून कुंपणाच्या तारेत थेट घरगुती वीज सोडणारे लोक आहेत. तो गुन्हा आहे. विदर्भात त्या तारांना चिकटून वाघ-बिबटे मेले आहेत, माणसंही मेली आहेत, कधी तर तार लावणाऱ्याच्याच घरातली. क्षणिक झटका देणारं सौर कुंपण सुरक्षित आहे आणि जंगलालगतच्या गावांना त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदानही आहे. पण अनुदान ठरावीक गावांना मिळतं, आणि रोही गावाच्या यादीत नाव पाहून येत नाही.

रोही सोडा, वाघही पाहत नाही. टिपेश्वर अभयारण्यातला टी-१ सी-१ हा तरुण नर याचा पुरावा. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली. जूनमध्ये तो यवतमाळमधून निघाला आणि तेलंगणातलं आदिलाबाद, मराठवाडा अशी भटकंती करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेराशे किलोमीटर तेव्हाच झाले होते. पुढे एकूण चाल तीन हजारांवर गेली. शेतांतून, वस्त्यांच्या कडेने, रस्ते ओलांडत, बहुतेक रात्रीच. एवढ्या प्रवासात माणसाशी झटापट एकदाच झाली, तीही तो झुडपात विसावलेला असताना लोक आत शिरले म्हणून. २०२० च्या एप्रिलमध्ये कॉलर निघाली. त्यानंतर दोनशे पाच चौरस किलोमीटरच्या त्या कोरड्या सागवानी जंगलात तो आहे की नाही, हे सांगायचं काम कॅमेरा ट्रॅपवर आलं.

कॅमेरा ट्रॅपमध्ये पापणी उघडायला लावणारा सेन्सर हाच, दुधी घुमटाखालचा स्फटिक. फरक भोवतीच्या सामानात असतो. चांगली प्लॅस्टिक भिंगं, पाणी न शिरणारी पेटी, अर्ध्या सेकंदाच्या आत फोटो घेणारं सर्किट आणि प्राण्याला न दिसणारा फ्लॅश. हा फ्लॅशही अवरक्तच. ८५० नॅनोमीटरचा असेल तर अंधारात मंद लाल निखारा दिसतो, ९४० चा असेल तर काहीच दिसत नाही. पहिल्यात चित्र स्वच्छ येतं, दुसऱ्यात कॅमेरा चोरीला जात नाही. वनखात्याला अनेकदा दुसरीच काळजी जास्त असते. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लागले, ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रं निघाली आणि त्यांत वाघाची होती ७६,६५१. उरलेल्यांत हरणं, गुरं, गुराखी, हललेलं गवत. गिनीज बुकाने विक्रम नोंदवला तो कॅमेऱ्यांचा. एवढी चित्रं चाळण्याचं काम त्याहून मोठं होतं, संगणकाची मदत घेऊनही.

ज्ञानगंगेच्या काठच्या गावांना वाघापेक्षा अस्वलाची भीती जास्त, आणि ती रास्त आहे. अस्वलाला ऐकू आणि दिसायला बेताचंच, जवळ जाईपर्यंत त्यालाही कळत नाही आणि मग ते घाबरून अंगावर येतं. शेतीपंपाला वीज रात्रीच्या पाळीत येते तेव्हा पाणी द्यायला निघालेला माणूस आणि ओढ्याच्या काठाने फिरणारं अस्वल एकाच वाटेवर असतात. इथे पंपघराच्या दारावर, ओढ्याच्या तोंडाशी बसवलेला शंभर रुपयांचा सेन्सर आणि एक दिवा खरोखर जीव वाचवू शकतो, कारण इथे सात मीटरचा पल्लाही उपयोगाचा. सापाच्या बाबतीत मात्र कुणी अशा यंत्राची हमी देत असेल तर पैसे परत मागावेत. घोणस, नाग, मण्यार यांचं अंग जमिनीइतकंच गार-गरम असतं, उबेवर चालणाऱ्या सेन्सरला ते दिसत नाहीत. गंमत अशी की सह्याद्रीतला चापडा हा साप स्वतःच अवरक्त सेन्सर बाळगून असतो. नाकपुडी आणि डोळा यांच्या मध्ये त्याला खळगा असतो, त्यातून त्याला उंदराची ऊब कळते. घोणशीला तो खळगा नाही. रात्री पाणी देणाऱ्याला गमबूट आणि बॅटरी, याला पर्याय नाही. दिवसा वीज देणाऱ्या सौर वाहिन्या सगळीकडे पोहोचल्या तर या परिच्छेदाचीच गरज उरणार नाही.

ऊब आहे एवढं कळणं वेगळं आणि उबेचं चित्र दिसणं वेगळं. दुसऱ्यासाठी थर्मल कॅमेरा लागतो आणि तिथून किमतीचा जिना चढायला लागतो. सर्वांत वरच्या पायरीवर पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांच्या मिश्र स्फटिकाचे शोधक बसलेले आहेत. १९५० च्या दशकाअखेरीस ब्रिटनच्या लष्करी प्रयोगशाळेत तो पदार्थ घडला. तो उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात शीतयंत्र आलं. रणगाडे आणि क्षेपणास्त्रांना ते परवडतं. सर्वसामान्यांसाठी दार उघडलं ते मायक्रोबोलोमीटरने. सिलिकॉनच्या चकतीवर केसापेक्षा बारीक, अधांतरी टांगलेले हजारो पूल, प्रत्येकाचा विद्युतरोध उबेप्रमाणे बदलतो, आणि थंड करायची गरज नाही. अमेरिकेत हनीवेलने ते लष्करासाठी गुप्तपणे विकसित केलं होतं. १९९२ मध्ये पडदा उठला. तरी दोरी सुटलेली नाही. बाजारातल्या बऱ्याच थर्मल कॅमेऱ्यांचं चित्र अडखळत चालतं, सेकंदाला नऊच चौकटी. यंत्राची कुवत तेवढीच आहे असं नाही. त्याहून वेगवान कॅमेऱ्यांना निर्यात परवाना लागतो.

त्यावर भिंगाचा खर्च. काच चालत नाही म्हणून जर्मेनियम घ्यावं लागतं. ते जस्ताच्या खनिजातून आणि कोळशाच्या राखेतून निघतं. २०२३ च्या ऑगस्टपासून चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणल्यावर या धंद्यातल्या सगळ्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. साच्यात ओतता येणारी चाल्कोजेनाइड काच हा त्यावरचा स्वस्त मार्ग, तिच्यावर जगभर काम चालू आहे. आपल्याकडे पुण्याला १९९० पासून बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस ही सरकारी कंपनी सैन्याच्या रात्रदृष्टी दुर्बिणींसाठी प्रकाशवर्धक नळ्या बनवते. पण त्या चांदण्यांचा उजेड वाढवून दाखवतात, उबेचा नाही. आयआयटी मुंबईत सुभानंद चक्रवर्ती यांचा गट क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणांपासून अवरक्त शोधक घडवण्यावर दीर्घकाळ काम करतो आहे. त्यामागची एक मोठी आशा म्हणजे शोधकाला लागणारा गारवा कमी करता येणं. प्रयोगशाळेतून वावरापर्यंतचा रस्ता लांब आहे, पण तो महाराष्ट्रातून सुरू होतो हे ठाऊक असलेलं बरं.

तोवर मधली पायरी आहे. बत्तीस गुणिले चोवीस ठिपक्यांचा उष्णता-सेन्सर काही हजार रुपयांत मिळतो. ७६८ ठिपक्यांत चेहरा ओळखू येत नाही, पण आडवं चालणारं डुक्कर आणि उभा चालणारा माणूस वेगळे दिसतात. भोंग्याने खोटं बोलू नये यासाठी एवढी अक्कल पुरे आहे. माझ्या मते जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी दरवर्षी नव्याने तोच पीआयआरचा प्रकल्प सादर करण्याऐवजी या ७६८ ठिपक्यांवर दोन हंगाम खर्च करावेत. तमिळनाडूत मदुक्कराईला रेल्वेखाली हत्ती जाऊ नयेत म्हणून २०२४ मध्ये बारा मनोरे आणि थर्मल कॅमेरे बसवले. सात किलोमीटरच्या मार्गाला सव्वासात कोटी लागले. हत्तीसाठी ते रास्त आहे. सोयाबीनच्या सुडीला नाही.

जिथे थोड्या पैशांत खूप काही साधतं ती जागा वावरात नाही, चार भिंतींच्या आत आहे, आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही. खामगाव ही जुनी कापसाची पेठ, १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंबहून आलेल्या फाट्याच्या उद्घाटनाला तिथे आला तो कापसापायीच. जिनिंगमध्ये आग लागते ती बहुधा खड्याने. कपाशीबरोबर आलेला दगड, खिळा रोलरमध्ये घासला जातो, ठिणगी उडते, रुईत शिरते आणि वाऱ्याच्या नळीतून पुढच्या ढिगात जाऊन बसते. गाठीत दबलेली ठिणगी दिवसेंदिवस धुमसू शकते, बाहेर धूर येईपर्यंत गोदामाचं गोदाम धोक्यात. ती पकडायची तर नळीतच. ठिणगी सहा-सातशे अंशांवर असते, तिचा अवरक्त उजेड अंधाऱ्या नळीत ठळक असतो, आणि तो ओळखायला जर्मेनियमही लागत नाही आणि थर्मल कॅमेराही नाही. साधा सिलिकॉन फोटोडायोड तो ओळखू शकतो. त्याची किंमत चहा-नाश्त्याएवढी. पुढे क्षणार्धात झडप फिरवून रुई बाजूला टाकणारी यंत्रणा हवी, खर्च तिचा. मोठ्या सूतगिरण्यांत हे तंत्र रुळलेलं आहे. छोट्या जिनिंगची भिस्त अजून पाण्याच्या टाकीवर आणि वाळूच्या बादल्यांवर आहे.

दुसरी जागा म्हणजे विजेचा बोर्ड. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासण्यांचे आदेश निघाले. जोडणी सैल झाली की ती पेटण्याआधी बराच काळ तापत असते, आणि हे तापणं कोरोनाकाळात प्रत्येकाच्या कपाळावर रोखल्या गेलेल्या त्या बंदुकीच्याच जातीचं यंत्र दाखवू शकतं. फक्त पल्ला जास्त असलेलं, कारखान्यासाठीचं घ्यावं लागतं. एक काळजी मात्र घ्यायची. चकचकीत तांब्या-पितळेवर ते यंत्र फसतं, कारण चकाकणारा धातू स्वतःची ऊब फार कमी बाहेर टाकतो. वीजतंत्रीने वीज बंद असताना जोडणीशेजारी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून ठेवायचा आणि पुढे भार चालू असताना यंत्र दुरून त्या टेपवर रोखायचं. तपासणीच्या वहीत महिन्याला एक आकडा. ग्रामीण रुग्णालय, आश्रमशाळा, वसतिगृह, कुठेही जमेल असं हे काम आहे.

रानातल्या वणव्याला तर उपकरण विकतही घ्यावं लागत नाही. सुओमी एनपीपी या अमेरिकी उपग्रहावरचा व्हिअर्स हा संवेदक सुमारे पावणेचार मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात, पावणेचारशे मीटरचा एकेक तुकडा धरून जमीन तपासतो. दुपारी आणि मध्यरात्रीनंतर, दिवसातून दोनदा. त्यावरून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था आगीच्या जागा काढते आणि नाव नोंदवलेल्या कुणालाही एसएमएस पाठवते, फुकट. ज्ञानगंगेत किंवा सातपुड्याच्या कुशीतल्या अंबाबरव्यात फेब्रुवारीपासून पानगळ सुरू होते तेव्हा हा निरोप कामाचा असतो. जाळ लहान असेल, ढग असतील किंवा आग दोन फेऱ्यांच्या मध्ये लागून विझली असेल तर तो येत नाही. आला तरी झाडाच्या डहाळीने किंवा ब्लोअरने आग झोडपायला जाणारा हंगामी मजूर लागतो.

आग रस्त्यावरही लागते. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा या भागातून जातो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. पंचवीस प्रवासी जळून गेले, आठ वाचले. आधी टायर फुटल्याचं सांगितलं गेलं. परिवहन विभागाच्या तपासणीत तसा पुरावा मिळाला नाही. त्यानंतरच्या चर्चेत आगीची सूचना देणारी यंत्रणा हा विषय पुढे आला. लांब पल्ल्याच्या नव्या बसमध्ये प्रवासी कक्षात ती असावी असा नियम केंद्राने २०२२ मध्येच केला होता. नियम चांगला आहे. उलटल्यावर क्षणात पेट घेणाऱ्या गाडीत मात्र घंटा वाजून फार काही साधत नाही. जे करायचं ते उलटण्याआधी.

तिथेही अवरक्त उजेडच कामाला येतो. चालकासमोर एक छोटा कॅमेरा आणि ९४० नॅनोमीटरचे दिवे बसवायचे. चालकाला काही दिसत नाही, डोळ्यांवर तिरीप येत नाही, आणि कॅमेऱ्याला पापण्या स्पष्ट दिसतात, गडद चष्म्याआडूनही बऱ्याचदा. ठरावीक काळात डोळे किती वेळ मिटलेले राहिले याची टक्केवारी यंत्र काढतं आणि मर्यादा ओलांडली की ओरडतं. ताशी ऐंशीच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते, तीन सेकंदांच्या डुलकीत सहासष्ट. सरळ, रिकाम्या, वळण नसलेल्या रस्त्यावर जागेपणीच येणाऱ्या गुंगीकडे नागपूरच्या व्हीएनआयटीच्या अभ्यासानेही बोट दाखवलं होतं. अशा यंत्रणेसाठी एआयएस-१८४ हे भारतीय मानक तयार आहे, आणि मोठ्या प्रवासी व मालवाहू गाड्यांना ती सक्तीची करण्याचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये काढला. सक्ती नव्या गाड्यांची. आज रात्री नागपूरहून सुटणाऱ्या बस त्याआधीच्या आहेत.

जुन्या गाडीत बसवता येणारी डॅशकॅमसारखी यंत्रं बाजारात आहेत आणि एका बसच्या टायरांच्या संचापुढे त्यांची किंमत किरकोळ आहे. ती प्रत्येक जांभईची, प्रत्येक मिटलेल्या डोळ्याची वेळ आणि जागा नोंदवून ठेवतात. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा, तो २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांब पल्ल्याला थोडी सवलत, असं तो सांगत होता. चालक सलग कितव्या रात्री चाकावर बसला आहे हे आज कागदावर मालक लिहील तेच. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी आरटीओने विमा आणि पीयूसीबरोबर या यंत्राची वर्षभराची नोंद मागायला हरकत नसावी. त्यासाठी नवं काही शोधून काढायचं नाही.